घरातले 594, रेंजवरचे 558 : एअर रायफलच्या घरगुती सरावाचं एक प्रकरण

मी कोल्हापुरात एअर रायफल शिकवतो. हे प्रकरण माझ्याकडे येणाऱ्या एका मुलीचं आहे. ओळख पटू नये म्हणून घरचे काही तपशील बदलले आहेत. गुण आणि मोजमापं मात्र सांगण्यासारखी वाटली म्हणूनच हे लिहितोय.

पार्श्वभूमी

1 ऑगस्ट 2024 ला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिम्पिकमध्ये नेमबाजीचं कांस्यपदक घेतलं आणि पुढचे काही आठवडे माझा फोन थांबेना. त्याआधी इथल्याच नेमबाज तेजस्विनी सावंत आणि राही सरनोबत यांच्यामुळे इथल्या घराघरांत नेमबाजी माहीत होतीच, पण या वेळी पालक थेट विचारत होते, "सर, रायफल कुठली घेऊ?" स्वप्नीलचं पदक 50 मीटरचं, .22 च्या रायफलचं. तिला परवाना लागतो, गोळ्यांचा हिशेब लागतो. त्यामुळे नवी मुलं 10 मीटर एअर रायफलपासूनच सुरुवात करतात. 4.5 मिमी बोअरच्या (नळीच्या आतल्या व्यासाच्या) आणि 20 ज्यूलच्या आतल्या एअर रायफलला परवाना नाही. दुकानदार ओळखपत्र नि पत्त्याचा पुरावा घेतो, एवढंच.

ही मुलगी तेव्हा 14 वर्षांची. वडील शिरोलीच्या एमआयडीसीत मशिन शॉपला, आई शिक्षिका, घरात आजी आणि 8 वर्षांचा भाऊ. फ्लॅट पन्हाळ्याच्या बाजूला, तीनमजली इमारतीत वरच्या मजल्यावर. सुरुवातीला वडिलांनी हौसेने एक स्प्रिंगची, नळी मोडून भरायची रायफल आणली होती. ती स्पर्धेच्या कामाची नव्हती. शिवाय छर्रा न घालता ट्रिगर ओढला की आतला पिस्टन आपटतो, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. दोन महिन्यांत तिची सील गेली. मग एका सीनियर मुलाकडून हवेच्या सिलिंडरची जुनी मॅच रायफल, म्हणजे स्पर्धेची, घेतली, साडेचार किलोची. घेण्याआधी सिलिंडरवरची तारीख बघून घ्या, असं मी सांगितलं होतं. 200 बार दाब सोसणाऱ्या नळकांड्याचं आयुष्य साधारण दहा वर्षं धरतात आणि जुन्या बाजारात तिकडे कुणी बघत नाही.

आठ महिने ती आठवड्यातून तीनदा रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या सरावाच्या जागी, यायची. 60 शॉटला, दशांश न धरता, 600 पैकी 563 च्या आसपास. वयाच्या मानाने चांगलं, पण तिथेच अडकलेलं.

अडचण

पुढच्या पावसाळ्यात पंचगंगा चढली. राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांची इशारा पातळी ओलांडली की आमच्याकडे लोक घड्याळापेक्षा बंधाऱ्याचे आकडे जास्त बघतात. रस्ता कधी चालू, कधी बंद. रेंज सुटली. जिल्हा स्पर्धा दीड महिन्यावर होती. वडिलांचा फोन आला, "सर, घरीच चालू करू का? बिंद्राची पण घरातच रेंज होती म्हणं."

होती, खरं आहे. पण अभिनव बिंद्राच्या घरच्या आवारात पूर्ण लांबीची रेंज होती. यांच्याकडे दोन बेडरूमचा फ्लॅट. मी "करा, पण काळजी घ्या" म्हणालो. काळजी म्हणजे नेमकं काय घ्यायची, हे सांगितलं नाही. हा माझा पहिला चुकलेला निर्णय.

पर्याय

वडिलांनी टेप घेऊन घर मोजलं. माणूस मोजणारा, त्यामुळे कागदावर नकाशा आला.

सगळ्यात लांब सरळ रेघ 8.4 मीटरची, बेडरूमच्या खिडकीपासून स्वयंपाकघराच्या भिंतीपर्यंत. पण तिच्यावर बाथरूमचा, स्वयंपाकघराचा आणि मागच्या बेडरूमचा, असे तीन दरवाजे उघडतात. कुणी आंघोळ करून बाहेर आलं की थेट नळीसमोर. तो पर्याय त्यांनी स्वतःच खोडला आणि ते बरोबर केलं.

मुख्य दार उघडं ठेवून पॅसेजमधून मारलं तर 10 मीटर पुरे होत होते. हा पर्याय ऐकून मी फोनवरच ओरडलो. परवाना लागत नाही म्हणजे कुठेही मारायची मोकळीक मिळाली असं नाही. जिन्यात येणाऱ्याच्या जिवाला धोका होईल असं वागलं तर भारतीय न्याय संहितेचं कलम 125 आहे. कायदा सोडा, मॅच रायफलचा छर्रा सेकंदाला 170 मीटरच्या आसपास जातो. त्याची ताकद साडेसात-आठ ज्यूल भरते. डोळा जायला त्याच्या निम्मीसुद्धा पुष्कळ झाली.

गच्चीवर जागा भरपूर होती, पण पाऊस, वारा आणि समोरच्या इमारतीच्या बाल्कन्या. तोही गेला.

उरला हॉल. हॉलमध्ये 5 मीटर सरळ मिळत होते. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला शोकेस, मध्ये एकच दार. झेरॉक्सच्या दुकानातून टार्गेट बरोबर निम्म्या आकाराचं छापून आणलं. 30.5 मिमीचा काळा गोल 15.25 मिमीचा केला, म्हणजे 5 मीटरवरून तो तेवढाच दिसतो. लॉकडाऊनमध्ये बऱ्याच नेमबाजांनी घरी अशीच छोटी टार्गेटं लावली होती.

आणखी एक पर्याय होता, घरी छर्रा मारायचाच नाही. फक्त रायफल धरून उभं राहणं आणि रिकामा ट्रिगर. तो कुणी गांभीर्याने बोललाच नाही. 14 वर्षांच्या मुलीला रोज तासभर रायफल धरून नुसतं उभी राहा म्हणणं जड जातं, आणि कागदाला भोक पडत नसेल तर आईवडिलांनाही सराव झाल्यासारखं वाटत नाही.

पहिला महिना

छर्रा अडवायला वडिलांनी लाकडी पेटी केली आणि तिच्या पाठीला 3 मिमीची लोखंडी प्लेट सरळ उभी बसवली. तिसऱ्याच दिवशी शिशाचा एक चपटा तुकडा उलट येऊन शोकेसच्या काचेवर टिचकला. आजी सोफ्यावर जप करत बसल्या होत्या, काचेपासून हातभर अंतरावर. त्यांनी माळ ठेवली नि एवढंच म्हणाल्या, "आज काच, उद्या कोण?"

त्या रात्री पेटी बदलली. पंधरा किलोचा तेलाचा पत्र्याचा डबा आडवा, आत प्लेट 45 अंशांत खाली झुकवलेली, म्हणजे छर्रा खालीच आपटतो. तळाला जुन्या साड्यांच्या चिंध्या. डब्याच्या मागे भिंतीवर मीटरभर रुंद-उंच प्लायवूड, कारण डबा चुकला तर छर्रा गिलाव्यावर आपटून कुठे उडेल ते सांगता येत नाही. हॉलच्या दाराला आतून कडी. कडीची जबाबदारी आजींनी स्वतःकडे घेतली. कडी लागल्याशिवाय नळीतली लाल सेफ्टी फ्लॅग (नळी रिकामी असल्याची खूण) निघायची नाही. मारणारी आणि बघणारे, दोघांच्याही डोळ्यांवर चष्मा. रायफल कपाटात कुलपात, छर्रे दुसऱ्या कपाटात. हे सगळं त्यांनी माझ्या सांगण्याआधी केलं. आजींचं वाक्य माझ्या फोनपेक्षा जास्त कामाचं ठरलं.

शिशाकडे मात्र सगळ्यांचंच दुर्लक्ष झालं. छर्रे शिशाचे असतात. ते आपटले की बारीक भुकटी होते, आणि हॉलमध्ये रोज सकाळी केरसुणी फिरत होती, म्हणजे तीच भुकटी हवेत. भर म्हणून पुढचा छर्रा ओठात धरून ठेवायची तिला सवय लागली होती. मी तो व्हिडिओ बघितला तेव्हा ओल्या फडक्याने पुसायला, फडकं टाकून द्यायला, सराव झाला की साबणाने हात धुवायला सांगितलं. धाकट्याला हॉलमध्ये जमिनीवर बसून खेळायला बंदी झाली. आठ वर्षांच्या पोराला ते पटलं असं नाही.

मग शेजारी. डबा ज्या भिंतीला टेकवला होता तिच्यापलीकडे तान्हं बाळ असलेलं कुटुंब. रायफलचा आवाज फारसा नसतो, टप् एवढाच. पण प्लेटवर आपटल्याचा टण् भिंतीतून जातो. चौथ्या-पाचव्या दिवशी त्या वहिनी दारात आल्या. "अहो ताई, बाळाला कसंतरी झोपवतोय न् तुमचं टण् टण् सुरू हुतंय. नेमकं चाललंय काय?" हे आधी सांगायला हवं होतं. बंदूक हा शब्द दुसऱ्याच्या तोंडून कळला की माणूस वेगळाच घाबरतो. वडिलांनी त्यांना घरात नेऊन डबा, दार, कडी सगळं दाखवलं. प्लेटच्या मागे रबरी मॅट बसली, वेळ संध्याकाळी साडेपाच ते साडेसहा ठरली. सोसायटीच्या सचिवांना त्याच दिवशी एक साधं पत्र दिलं, काय करतोय, कधी, कशा व्यवस्थेत. त्यांनी एकदा येऊन बघितलं आणि प्रकरण तिथेच मिटलं.

आणि गुण? पहिल्या आठवड्यात 588. मग 591. महिन्याच्या शेवटी 594. आईने तो कागद फ्रीजवर लावला. माझ्याकडे व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आला आणि मीही अंगठा दाखवला.

रेंजवर परत

पूर ओसरला, ती आली. पहिला छर्रा कार्डाच्या वरच्या कडेला चाटून गेला. दुसरा आणि तिसरा कार्डावर नव्हतेच. पोर पांढरीफटक.

यात तिची चूक नव्हती. साईट, म्हणजे नेम धरायची जोड, नळीपेक्षा पाचेक सेंटिमीटर वर बसते. डोळ्याची रेघ नि छर्ऱ्याची वाट 5 मीटरवर जुळवली, की त्यापुढे छर्रा त्या रेघेच्या वर चढत जातो. 10 मीटरला पोचेपर्यंत गुरुत्वाकर्षण त्याला थोडं खाली आणतं, तरी चारेक सेंटिमीटर वरच राहतो. कार्ड 80 मिमीचं, म्हणजे मध्यापासून कड 4 सेंटिमीटरवर. घरी साईट किती क्लिक (स्क्रूच्या खाचा) फिरवली हे लिहून ठेवलं असतं तर उलटे मोजून दोन मिनिटांत काम झालं असतं. लिहिलं नव्हतं. घाबरून तिने क्लिक उलटीकडेच फिरवले आणि त्या दिवशी 549 वर थांबली.

मी म्हणालो, झिरो (साईट नि छर्रा जुळायची बसवणी) गेला होता, सोड. पुढच्या दोन दिवसांत झिरो नीट बसला, तरी 561 आणि 564. मी म्हणालो, रेंजचं दडपण आहे. जिल्हा स्पर्धेत 558.

घरी 594 मारणारी मुलगी स्पर्धेत 558 मारते म्हणजे डोक्यातच काहीतरी आहे, असं आम्ही सगळ्यांनी ठरवून टाकलं. तिला श्वासाचे व्यायाम दिले, कुणीतरी मानसोपचारतज्ज्ञाचं नाव सुचवलं. तीही तेच धरून बसली. "मला लोकांसमोर जमत नाही" हे वाक्य मी तिच्या तोंडून तीनदा ऐकलं. या सगळ्या प्रकरणातलं मला सर्वांत जास्त टोचणारं हेच आहे.

व्हर्नियर

स्पर्धेनंतरच्या रविवारी वडील कागदांचा गठ्ठा आणि खिशात व्हर्नियर (मिलिमीटरचे अंश मोजायचं साधन) घेऊन आले. त्यांनी घरचं एक भोक मोजून दाखवलं, मग रेंजवरचं.

"सर, भोक इथंबी साडेचार, तिथंबी साडेचार. आम्ही टार्गेट निम्मं केलं. छर्रा निम्मा कुठं झालाय?"

मी वीस वर्षं ही रायफल हाताळतोय आणि हे मला त्या क्षणापर्यंत सुचलं नव्हतं.

गुण मोजायचा नियम असा की छर्ऱ्याची कड रेषेला शिवली तरी वरचा गुण मिळतो. खऱ्या टार्गेटवर 10 चा ठिपका 0.5 मिमीचा. छर्ऱ्याची त्रिज्या 2.25 मिमी. म्हणजे छर्ऱ्याचा मध्य केंद्रापासून 2.5 मिमीच्या आत असेल तर 10. निम्म्या टार्गेटवर ठिपका 0.25 मिमीचा झाला, पण छर्रा तोच, म्हणून 2.375 मिमीपर्यंत 10. आता 5 मीटरवरचं 2.375 मिमी म्हणजे 10 मीटरवरचं 4.75 मिमी. खऱ्या टार्गेटवर 2.5 ते 5 मिमीचा पट्टा 9 चा. थोडक्यात, तिचा जवळजवळ प्रत्येक 9 घरच्या कागदावर 10 होऊन बसला होता आणि 8 चे 9.

आम्ही तिथेच बसून उलटा हिशेब केला. 5 मीटरवर खरा 10 हवा असेल तर छर्ऱ्याचा मध्य 1.25 मिमीच्या आत पाहिजे. म्हणजे त्याचं सगळं भोक 7 मिमी व्यासाच्या वर्तुळात मावलं पाहिजे, रेषेला शिवून चालणार नाही. तसंच 9 साठी 9.5 मिमी, 8 साठी 12 मिमी. वडिलांनी दुसऱ्या दिवशी पारदर्शक प्लास्टिकच्या पट्टीवर ही वर्तुळं कोरून आणली. मशिन शॉपचा माणूस, रेघ केसासारखी. कागदाला पडलेलं भोक छर्ऱ्यापेक्षा जरा लहान दिसतं, म्हणून एक छर्रा भोकात बसवून मग पट्टी ठेवायची, हेही त्यांनीच काढलं.

फ्रीजवरचा 594 चा कागद पट्टीखाली 566 भरला.

म्हणजे ती घरी सुधारली नव्हती आणि स्पर्धेत फार ढासळलीही नव्हती. ती जिथे होती तिथेच होती. हे तिला सांगितलं तेव्हा ती आधी चिडली, मग बराच वेळ गप्प बसली, आणि मग म्हणाली, "म्हणजे मी घाबरत नाही?"

बदललेला सराव

सहा आठवडे घरी छर्रा बंद केला. मॅच रायफलमध्ये हवा न सोडता फक्त ट्रिगर चालवायची सोय असते, ती वापरायची. रोज चाळीस मिनिटं. सुरुवातीला जॅकेट घालून, रायफल टार्गेटवर आणायची, डोळे मिटायचे, दोन श्वास घ्यायचे, उघडायचे. साईट बाजूला सरकलेली दिसली तर हातांनी ओढायची नाही, पाय हलवायचे. मग कोऱ्या पांढऱ्या भिंतीवर ट्रिगर, म्हणजे गोल दिसत नाही, फक्त पुढच्या साईटची रिंग थरथरते का तेवढंच कळतं. शेवटी टार्गेटवर 20 रिकामे शॉट, प्रत्येकानंतर तीन सेकंद तसंच राहून आणि कागदावर लिहून, की शॉट सुटताना साईट कुठे होती. डब्याजवळ एक दिवा वाढवला, कारण घरच्या पिवळ्या उजेडात ती डोळा ताणत होती.

पहिले दहा दिवस वाईट गेले. ती कंटाळली, एक दिवस रायफल कपाटातून काढलीच नाही. आईने जबरदस्ती केली नाही, हे बरं झालं. वहीतून मात्र एक गोष्ट वर आली. शेवटच्या पाच-सहा शॉटला साईट उजवीकडे सरकायची. म्हणजे पाठ थकत होती. बट (खांद्याला टेकतो तो रायफलचा मागचा भाग) दीड सेंटिमीटर लहान केला. आठ महिने रेंजवर मी ते बघितलं नव्हतं, कारण रेंजवर मी कागदाकडे बघत होतो.

सहा आठवड्यांनंतर घरी छर्रे परत आले, पण आठवड्यातून दोनदा, फक्त 20, आणि गुण पट्टीनेच. घरच्या आणि रेंजच्या साईटचे क्लिक रायफलच्या पेटीत चिकटवलेल्या चिठ्ठीवर.

निकाल

तीन महिन्यांत रेंजवर 568, 570, 573. घरचे गुण पट्टीने 60 शॉटवर ताणून पाहिले तर त्याच्या पाच-सहा गुणांच्या आतच येतात. पुढच्या स्पर्धेत 569, पदक नाही. ती तिथून थोडी नाराज पण शांत परत आली. शेजारच्या बाळाला आता रांगता येतं आणि वहिनी साडेपाचला त्याला खाली फिरायला नेतात.

काय वेगळं करता आलं असतं

घरच्या सरावाचे कागद पहिल्याच आठवड्यात मागवून हातात घ्यायला हवे होते. फोटोत भोक दिसतं, मोजता येत नाही. 563 वर अडकलेलं पोर महिन्यात 594 मारतं तेव्हा अंगठा दाखवायच्या आधी मोजपट्टीवर शंका घ्यायला हवी होती. गुण खाली आले असते तर मी लगेच कारण शोधलं असतं. वर गेले म्हणून शोधलं नाही.

निम्म्या टार्गेटऐवजी सुरुवातीपासून रिकाम्या ट्रिगरवर भर दिला असता तर बटाची चूक पुराच्या दिवसांतच सापडली असती. पण तेव्हा मी ते सुचवलं असतं तरी घरच्यांनी ऐकलं असतं का, याबद्दल मला शंका आहे. 558 लागल्यावरच ते ऐकायला तयार झाले, मीसुद्धा.

शेजाऱ्यांना डबा लावायच्या आधी भेटायला हवं होतं. त्याला एक चहा लागला असता.

आणि धाकट्याचा प्रश्न अजून सुटलेला नाही. त्याला आता रायफल हवी आहे. आजी म्हणतात, दहा वर्षांचा होऊ दे. आई म्हणते, बारा. तोवर त्याला कडी लावायचं काम मिळालंय, आणि आजी ती परत एकदा ओढून बघतात.